रावजी मास्तरांची प्रस्तावना

मास्तरकीत दुसरं काही साठत नाही, किस्से तेवढे साठतात. चार जुने मास्तर एखाद्या लग्नात भेटले की पंगत उठते, पण आम्ही उठत नाही. कुणीतरी नुसतं म्हणायचा अवकाश, "तो दिपोटी आठवतो का रे?" की झालं. वाढपी येऊन पुढची पत्रावळ उचलून नेतो तरी आमचं चालूच. दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे डेप्युटी इन्स्पेक्टर. गावाच्या तोंडी त्यांचा दिपोटी झाला आणि मग आमच्याही तोंडी तोच बसला.

आता तुम्ही विचाराल, एवढे किस्से कशाचे? तर बहुतेक इतिहासाच्या तासाचे. गणितात मास्तर फसत नाही, पोरं फसतात. इतिहासाला मास्तर फसतो, आणि तोही सुरुवातीलाच. एकदा गाडी चाकोरीत पडली की बैल आपले चालतात. चाकोरीत घालेपर्यंत घाम फुटतो.

ट्रेनिंग कॉलेजात त्या सुरुवातीला प्रस्तावना म्हणत. एकदम विषयाला हात घालायचा नाही. पोरांना माहीत असलेल्या गोष्टींवर दोन-तीन प्रश्न विचारायचे आणि उत्तरं अशी काढायची की शेवटच्या उत्तरात आजचा धडा आपोआप यावा. कागदावर फार सुंदर दिसायचं ते.

* * *

माझी पहिली फजिती त्यातलीच. पाचवीला गडांचा धडा होता. औंध आणि कुंडल यांच्या मधलं आमचं गाव, लोकल बोर्डाची शाळा, आणि मी ट्रेनिंग करून नुकताच आलेलो, त्यामुळे अंगात वारं. प्रस्तावना रात्रभर घोकून ठेवलेली. माणूस कुठे राहतो? घरात. राजा कुठे राहतो? गडावर. तर मुलांनो, आज आपण गडांची माहिती घेऊ. संपलं.

पहिल्या रांगेतल्या पोराला उभं केलं. "सांग बाळ, माणूस कुठे राहतो?"

"पलटणीत," पोरगं म्हणालं.

त्याचा बाप, दोन चुलते, थोरला भाऊ, सगळे लढाईवर. त्याचं तरी काय चुकलं? मी म्हटलं, "बरं, मग घरात कोण राहतं?"

"आई आन म्हस."

वर्ग हसला नाही. बऱ्याच घरांत तीच परिस्थिती होती. मी दुसऱ्या प्रश्नाला हात घातला. "राजा कुठे राहतो?" मागून एकजण ताडकन उठला. "औंधाला. मी बगितलाय गुरुजी, यमाईच्या जत्रंत."

आता ह्याच्यापुढं गडावर कसं चढायचं ते कॉलेजात शिकवलं नव्हतं. मी फळ्याकडे तोंड केलं आणि तारीख लिहीत बसलो.

आमचे हेडमास्तर दारातून ऐकत होते. ते स्वतः प्रस्तावना वगैरेच्या भानगडीत पडत नसत. वर्गात यायचे, काठी टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, "काल काय शिकलो?" वर्ग गप्प. "आठवत नाही? मग आज तेच."

त्यांच्या हाताखाली पोरांनी अख्खं वर्ष एकाच लढाईत काढलेलं मी पाहिलं आहे.

* * *

मग आमच्याकडे रावजी मास्तर आले.

उंच, हडकुळे, आवाज मात्र खणखणीत. ट्रेनिंग झालेलं नाही, नुसती मराठी सातवी पास, त्यामुळे नेमणूक तात्पुरती. वाटण्या होऊन शेत भावांकडे गेलेलं. शाळेच्या नोकरीशिवाय त्यांना दुसरा आधार नव्हता, आणि ही नोकरीसुद्धा दरवर्षी दिपोटींच्या मर्जीवर. ते मला म्हणायचे, "एकदा कायम झालो की सुटलो बगा. मग घरी छातीवर हात ठिवून झोपीन." त्यांच्या बायकोनं सोमवार धरलेले होते ते ह्याच्याचसाठी.

हेडमास्तरांनी त्यांना पाचवी-सहावीचा जोडवर्ग दिला आणि इतिहासाचा तास दिला दुपारच्या जेवणानंतरचा. हा तास म्हणजे शिक्षाच. पोरं जेवायला घरी गेली की परत येत नसत. कुणी म्हशीमागं, कुणी गुऱ्हाळावर. वर्गात उरायचे ते झोपायला.

रावजी मास्तरांनी काय करावं? धडा जेवणानंतर सुरू करायचा तो त्यांनी जेवणाआधी सुरू केला. घंटा व्हायला आली की पुस्तक मिटायचे आणि सांगायला लागायचे. खान शामियान्यात आला. महाराज आत गेले. खानानं हात पसरले. मिठी मारली. मान काखेत दाबली. आणि घंटा. "जा, जेवून या. म्होरलं मग सांगतो."

आमच्या दोन वर्गांत लाकडी फळ्यांचं पार्टिशन होतं, त्यामुळे मला अन् माझ्या तिसरीलाही सगळं ऐकू येई. दुसऱ्या दिवसापासून तिसरीसुद्धा जेवायला जाईना.

चौथ्या-पाचव्या दिवशी एक बाई तरातरा शाळेत आली. कमरेला पदर खोचलेला, हाताला पीठ. रावजी मास्तरांपुढं उभी राहिली. "आवं मास्तर, माजं पोरगं ताटाव बसंना झालंय. खानाचं काय झालं त्ये आदी सांगा, मग त्येला धाडते घरला."

मास्तरांनी सांगितलं. बाई पूर्ण ऐकून गेली. जाताना म्हणाली, "बरं झालं मेला."

* * *

एकदा त्यांनी पोरांना सांगितलं, उद्या येताना आपापल्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू घेऊन या. इतिहास पुस्तकात नसतो, तुमच्या घरात असतो, असं काहीतरी म्हणाले. मला पार्टिशनमधून ऐकून जरा हेवाच वाटला. आम्हाला कॉलेजात सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गाचा बाजार झाला. अडकित्ते, पितळी डबे, गंजलेली तलवारीची मूठ, बैलाच्या गळ्यातली घुंगरं. एका पोरीनं देव्हाऱ्यातला टाक आणला होता. तिच्या मागोमाग तिची आजी सोवळ्यात पळत आली आणि देव घेऊन गेली. आणि एक पोरगं आलं ते आजोबांना घेऊन. म्हातारबुवा काठी टेकत टेकत वर्गाच्या मधोमध येऊन उभे.

"हे रे काय?" रावजी मास्तर म्हणाले.

"तुमीच म्हणला न्हवं? आमच्यात ह्येच्यापरास जुनं काय न्हाई."

म्हातारा पहिल्या जर्मन लढाईतला पेन्शनर. रागावला नाही. इकडंतिकडं बघत त्यानं शांतपणे विचारलं, "मला कुटं ठेवायचं?"

मास्तरांनी स्वतःची खुर्ची दिली. म्हातारा त्या दिवशी बसऱ्याचं बोलला. तिथला चिखल, तिथले खजूर, तिथं राहिलेले गावचे गडी. गावातल्या एकेका घराचं नाव घेत होता आणि पोरं त्या त्या घरातल्या पोराकडं माना वळवून बघत होती. मीही माझी तिसरी सोडून दारात उभा राहून ऐकलं. असा इतिहासाचा तास मी पुन्हा पाहिला नाही, खोटं कशाला बोलू.

शाळा सुटली. पोरं भर्रकन गेली, नातू सगळ्यांच्या पुढं. म्हातारा खुर्चीतच. कुलूप लावायला शिपाई आला तेव्हा म्हणतो, "ज्येनं आणलंय त्येला बोलवा. वस्तू परत न्यायची असती का न्हाई?"

* * *

पण ह्या सगळ्याला दृष्ट लागली ती भाकरीपायी.

धडा होता चौथाईचा. चौथाई आणि सरदेशमुखी. आता बारा वर्षांच्या पोराला चौथाई सांगून कळते का? रावजी मास्तर वर्गात शिरले ते टोपी तिरकी करून. त्या दिवशी लांबच्या वस्तीवरची पोरं भाकरी बांधून आली होती. मास्तर एकेकाच्या पुढं उभे राहिले, फडकं सोडायला लावलं आणि भाकरीचा चवथा हिस्सा मोडून घेतला. का म्हणून विचारायचं नाही. कुणी कुरकुरलं की म्हणायचे, "दिलीस तर तुझ्या गावाला हात लावणार न्हाई. न्हाई दिलीस तर समदी भाकरी जाईल."

टेबलावर भाकरीच्या तुकड्यांचा ढीग झाला. पोरं चवताळलेली, एकदोघींच्या डोळ्यांत पाणी. मास्तर आता चौथाई म्हणजे काय ते सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात दारात दिपोटीसाहेब.

साहेब पुण्याकडचे. गोरे, चष्मा, डोक्याला पगडी, बोलणं मोजकं. त्यांनी ढिगाकडे पाहिलं. "हे काय, मास्तर?"

"चौथाई वसूल केली, साहेब."

"मुलांच्या डब्यातून?"

 तेव्हा वर्गातलं एक हुशार कार्टं मदतीला धावलं. "साहेब, आजून सरदेशमुखी द्यायची ऱ्हायलीया."

साहेबांनी रावजी मास्तरांना व्हरांड्यात नेलं. मी ऐकत होतो, माझ्या वर्गाचं दार व्हरांड्यातच उघडत होतं. साहेब आवाज चढवत नव्हते, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले, "वर्ग ही रंगभूमी नव्हे. प्रस्तावना पुस्तकात सांगितली आहे तशी करायची. पुन्हा असले खेळ दिसले तर कायम होण्याचं विसरा. तात्पुरतंही राहणार नाही."

रावजी मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. भाकरी मात्र त्यांनी ज्याची त्याला परत केली, आणि कुणाचा तुकडा कुठला ह्यावरून पोरांची मारामारी झाली.

* * *

त्यानंतर दोन महिने रावजी मास्तर पुस्तकाप्रमाणे शिकवत होते. मी त्यांना माझी ट्रेनिंगची टाचणं दिली. प्रश्न पहिला, प्रश्न दुसरा, हेतुकथन. आवाज खाली. टोपी सरळ. दुपारी अर्धा वर्ग पुन्हा म्हशीमागं जायला लागला. माझी तिसरी जेवायला वेळेवर.

त्या वर्गात तानी नावाची पोर होती. सहावीतली, अंगानं बारकी, दाराजवळ बसायची. तिच्या बापावर वॉरंट होतं. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा तो काळ. प्रतिसरकारच्या चळवळीतले आमच्या भागातले कितीतरी गडी घरदार सोडून रानात राहत होते आणि पोलिस त्यांच्या मागं हिंडत होते. तानीच्या घरच्या ओट्यावर तर शिपाई बसवलेला. बापानं घरी येण्याची सोयच नव्हती. आजी म्हणायची पोरीची शाळा बंद करा, आई म्हणायची जाऊ दे, निदान तेवढा वेळ तरी तिला शिपायाचं तोंड बघायला नको.

तर ही तानी एक दिवस तास संपल्यावर रावजी मास्तरांजवळ आली. "गुरुजी, तुमी आजारी हाय का?"

"न्हाई गं. का?"

"मग आसं का शिकवताय?"

मास्तरांनी हातातलं टाचण घडी करून खिशात घातलं. संध्याकाळी मला म्हणाले, "ही तुमची टाचणं घ्या परत." मी म्हटलं, "रावजी, नोकरी जाईल." ते म्हणाले, "जाईल तवा जाईल. हे आसं रोज जायापरास बरं." मला त्यांचा रागही आला आणि बरंही वाटलं.

* * *

आता शेवटचा सांगतो. हा मी पंगतीत सांगत नाही, चार माणसं असली तरच सांगतो.

धडा गडाच्या पहाऱ्याचा. सूर्य मावळल्यावर दरवाजा बंद झाला की परवलीच्या शब्दाशिवाय कुणाला उघडायचा नाही, प्रत्यक्ष महाराज आले तरी नाही. रावजी मास्तरांनी वर्गाचा गड केला. किल्लेदार कोण? तानी. पोरं कुरकुरली, पण ती दाराजवळ बसायची, म्हणून ती. परवलीचा शब्द ठरला 'बेलभंडार'. मास्तर बाहेर जाणार, कधी व्यापारी होऊन, कधी सरदार होऊन दार वाजवणार, आणि आतून दाद द्यायची नाही. शेवटी शब्द सांगितला की दार उघडायचं आणि धडा सुरू.

मास्तर बाहेर आले. आतून तानीनं कडी घातली. माझी तिसरी बेरीज करत होती, मी गंमत बघायला व्हरांड्यात. मास्तरांनी व्यापाऱ्याचं सोंग केलं, तूप विकायला आलोय म्हणाले. आतून उत्तर आलं, "गडाव तूप हाय."

तेवढ्यात टांगा येऊन उभा राहिला. दिपोटीसाहेब उतरले. आणि त्यांच्या पाठोपाठ जमादार उतरले, पोलिसांचे. दोघे एका टांग्यातून आले होते, पण जमादारांचं काम शाळा तपासण्याचं नव्हतं हे त्यांच्या नजरेवरून कळत होतं. ते सरळ वर्गाकडे निघाले.

रावजी मास्तर पांढरे पडले. मीही. नोकरी गेली हेच दोघांच्या मनात. मास्तर घाईनं दारापाशी गेले आणि साध्या आवाजात म्हणाले, "तानूबाई, दार उघड. साहेब आल्यात."

 मग मला आतल्या मागच्या खिडकीची खिट्टी वाजलेली ऐकू आली. ती खिडकी आम्ही कधी उघडत नसू. तिच्या पलीकडं लगेच ऊस होता. मघाशी दाराला कडी पडल्यावरही तिचा एकदा आवाज आला होता, आणि तानीच्या घरी शिपाई असला तरी शाळेच्या मागं कुणी नव्हता. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी रावजी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं.

आतून तानीचा आवाज आला. जरा कापरा होता. "परवलीचा शब्द सांगा."

रावजी मास्तर साहेबांकडे वळले. "साहेब, प्रस्तावना चाललीया." आणि दाराकडे तोंड करून म्हणाले, "गूळखोबरं."

"चुकला. म्हागं व्हा."

जमादारांनी दारावर थाप मारली. "ए पोरी, उघड. सरकारी मानूस हाय."

"गडाव सरकार आमीच हाय," तानी म्हणाली.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. रावजी मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा शब्द सांगितला, "पालखी." तोही चुकला. मग "दीपमाळ." साहेब म्हणाले, "मास्तर, तुम्ही ठरवलेला शब्द तुम्हालाच आठवत नाही?"

"भ्यालो की आठवत न्हाई, साहेब."

ज्या माणसाला तहाची कलमं पाठ, त्याला स्वतःचा शब्द आठवेना. साहेबांसमोर, नोकरी पणाला लागली त्या दिवशी. मला राहवेना, मी सांगायला तोंड उघडलं तर रावजी मास्तरांनी माझ्या पायावर पाय दिला आणि तसाच दाबून ठेवला. जमादार दाराला खांदा लावायला निघाले. साहेबांनी हात आडवा केला. "थांबा. पाठ चालू आहे."

थोड्या वेळानं आतून तानी म्हणाली, "गुरुजी, आता सांगा." आवाज कापत नव्हता.

"बेलभंडार," रावजी मास्तर म्हणाले.

दार उघडलं. पोरं रांगेत, मांडी घालून, हात जोडून. एवढी शांत पोरं मी जन्मात बघितली नव्हती. मागची खिडकी सताड उघडी. जमादार धावत खिडकीशी गेले. बाहेर नुसता ऊस. ते परत फिरले आणि खाली बघून थबकले. तानीच्या बस्करापाशी एक पटका पडला होता. मोठ्या माणसाचा, मळलेला, डोक्यावरून नुकताच काढलेला असावा तसा गोल.

जमादारांनी तो उचलला. "ह्यो कुनाचा?"

 मग तानी उठली.

"म्हाराजांचा," ती म्हणाली. "पाठ चाललाय न्हवं?"

जमादारांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी रावजी मास्तरांकडे. मास्तरांनी आपली टोपी काढून टेबलावर ठेवली, जमादारांच्या हातातून पटका घेतला आणि डोक्यावर चढवला. त्यांना तो मोठा होत होता, भुवयांपर्यंत आला. तसाच त्यांनी धडा सुरू केला. "तर पोरांनो, म्हाराज दरवाजाशी हुबे ऱ्हायले..."

दिपोटीसाहेब खुर्चीवर बसले. जमादारांना त्यांनी शेजारी बसवून घेतलं आणि पूर्ण तास उठू दिलं नाही.

तास सुटला. जमादार हेडमास्तरांकडे पाणी प्यायला गेले. साहेब टांग्यात चढले, रावजी मास्तर पटका हातात धरून खाली उभे, त्यांच्या शेजारी मी.

"मास्तर," साहेब म्हणाले, "प्रस्तावना फार लांबली. बाकी तुम्हाला कायम करायला माझी हरकत नाही."

मग जमादार यायच्या वाटेकडे एकदा बघून म्हणाले, "आणि तो पटका महाराजांना पोचता करा. उन्हं फार आहेत."